गव्हावरचा तांबेरा आणि आपला पोपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रब्बीच्या शेतात एकाच वेळी भेटणारे हे दोन जीव. एक डोळ्यांना दिसतो आणि कानांनाही कळतो, दुसरा फोड फुटेपर्यंत जाणवतही नाही. शेतकरी, विद्यार्थी आणि पक्षिप्रेमी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे.

बुरशी आणि पक्षी यांची तुलना करून काय मिळतं?

शेताची राखण कशी करायची, हे मिळतं. दोघंही आपल्याच पिकावर जगतात आणि माणसाने केलेल्या बंदोबस्तावर दोघंही कालांतराने मात करतात. पण पोपट ज्या रीतीने मात करतो ती तांबेऱ्याची रीत नव्हे. हा फरक लक्षात आला नाही की एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला जातो आणि पैसा व हंगाम दोन्ही जातात. दुसरं कारण जीवशास्त्राचं आहे. सजीवांमधली नाती आपण समजतो त्यापेक्षा फार वेगळी आहेत, आणि ते दाखवायला ही जोडी उत्तम आहे.

नेमके कोणते दोन जीव?

तांबेऱ्याच्या जगात सात हजारांहून अधिक जाती आहेत, पोपटांच्या सुमारे चारशे. सगळ्यांबद्दल एकदम बोललं तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून इथे एका बाजूला गव्हाचा काळा तांबेरा, म्हणजे खोडावर येणारा पक्सिनिया ग्रॅमिनिस, आणि दुसऱ्या बाजूला आपला नेहमीचा हिरवा पोपट, सिट्टॅक्युला क्रॅमेरी. खेड्यात ज्याला राघू म्हणतात, तोच हा. लांब शेपटी, लाल चोच, आणि नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट आणि जांभळट-लाल डोक्याचा तुईया हे त्याचे भाऊबंद. त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

तांबेरा ही एक प्रकारची वनस्पतीच ना? मग ती गव्हाला जवळची, पोपटाशी तिचा काय संबंध?

हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. बुरशी जागची हलत नाही, मातीत आणि पानांवर दिसते, आणि अनेक वर्षं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातच शिकवली गेली. पण नात्याने पाहिलं तर तांबेरा गव्हापेक्षा पोपटाला जवळचा आहे.

बुरशी आणि प्राणी यांचा एक समाईक पूर्वज होता. तो एकपेशीय होता आणि पाण्यात एका शेपटीच्या जोरावर पोहत असे. शेपटी मागे आणि पेशी पुढे. वनस्पतींची फांदी त्याआधीच वेगळी झाली होती. बुरशी आणि प्राणी एकमेकांपासून दुरावले त्यालाही अब्जावधी वर्षांच्या हिशेबातलाच काळ लोटला आहे, पण शाखा एकच. पोपटाच्या पिल्लाच्या वडिलांची शुक्रपेशी आजही एका शेपटीच्या जोरावर पोहते. तांबेऱ्याने ती शेपटी कधीच टाकून दिली, तरी इतर खुणा राहिल्या. तांबेरा स्वतःचं अन्न तयार करत नाही, पोपटही करत नाही. गहू साखर साठवतो ती पिठूळ स्टार्चच्या रूपात. तांबेरा आणि पोपट दोघंही ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. तांबेऱ्याच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, जे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या कवचात सापडतं. गव्हाच्या पेशीभित्ती मात्र सेल्युलोजच्या.

म्हणजे शेतात जे चाललेलं असतं ते असं : दोन दूरचे चुलत नातेवाईक एका परक्या घराण्यातल्या पिकावर जगत आहेत. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं, कारण त्यानंतर मुलं बुरशीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

याला व्यवहारातही अर्थ आहे. बुरशी प्राण्यांच्या जवळची असल्यामुळेच तिला मारणारी आणि आपल्याला अपाय न करणारी औषधं शोधणं अवघड जातं. अनेक बुरशीनाशकं बुरशीच्या पेशीआवरणातल्या अर्गोस्टेरॉल या घटकावर घाव घालतात, कारण प्राण्यांत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. फरक फार थोडा असल्यामुळे तो हेरावा लागतो.

दोघांचे रंग इतके ठसठशीत कसे?

तांबेऱ्याच्या बीजाणूंचा, म्हणजे बियांचं काम करणाऱ्या सूक्ष्म कणांचा, तांबूस रंग कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांमुळे येतो. गाजर आणि पिकलेल्या पपईला रंग देणारी द्रव्यं याच गटातली. पोपटाचं आणखी वेगळं आहे. बहुतेक पक्षी पिवळा-लाल रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडपासून मिळवतात, पण पोपटांनी सिटॅकोफल्विन नावाची स्वतःची रंगद्रव्यं घडवली आहेत आणि ती पोपट सोडून कुठल्याही पक्ष्यात आढळत नाहीत. राघूच्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून विखुरलेला निळा प्रकाश आणि वरचं पिवळं सिटॅकोफल्विन मिळून आपल्याला हिरवा दिसतो. ज्या पोपटात पिवळं द्रव्य जन्मतःच नसतं, तो निळा दिसतो.

हंगामाच्या शेवटी तांबेऱ्याचे तेच तांबूस फोड काळे पडतात, कारण आता तो जाड भिंतीचे टिकाऊ बीजाणू तयार करू लागतो. या रोगाला काळा तांबेरा म्हणतात ते त्यामुळेच.

तांबेरा पिकाला खातो म्हणजे नेमकं काय करतो? पोपट दाणा खातो तसंच?

नाही. इथेच दोघांचा मार्ग पूर्ण वेगळा होतो.

पोपट दाणा फोडतो. त्याची वरची चोच कवटीशी सांध्याने जोडलेली असल्यामुळे ती स्वतंत्र हलते, जाड जिभेने तो दाणा फिरवतो, साल काढून टाकतो आणि गर घेतो. पायाची दोन बोटं पुढे व दोन मागे असल्याने कणीस मुठीत धरून खाता येतं. दाण्यातला कोंभ तिथेच संपतो. पर्यावरणशास्त्राच्या भाषेत पोपट हा बीजभक्षक आहे. शिवाय तो जितकं खातो त्यापेक्षा जास्त पाडतो. डाळिंबाच्या किंवा पेरूच्या बागेत खालचा सडा पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

तांबेऱ्याचं काम संथ आणि आतल्या आत चालतं. बीजाणू पानावर किंवा खोडावर पडतो. त्याला काही तास सलग ओलावा लागतो. दवाची एक रात्र पुरते. मग त्यातून बारीक नळी निघते, ती पृष्ठभाग चाचपत पर्णरंध्रापर्यंत पोचते आणि तिथे तिचं टोक फुगून चिकटतं. काळ्या तांबेऱ्याला आत शिरायला सकाळचा उजेड आणि चढती ऊबही लागते. आत गेल्यावर तो पेशींच्या मधल्या जागेत पसरतो आणि प्रत्येक पेशीत एक छोटं शोषकांग खुपसतो. पेशीची भिंत भेदली जाते, पण आतलं आवरण फाटत नाही, नुसतं आत ढकललं जातं. त्यामुळे पेशी जिवंत राहते आणि तिच्यातली साखर व अमिनो आम्लं तांबेऱ्याकडे वळतात.

त्याला गहू जिवंत हवा असतो. मेलेल्या पानावर तांबेरा वाढत नाही आणि प्रयोगशाळेतल्या बशीतही सहजी वाढत नाही. २०११ साली या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कारणाचा काही भाग उघड झाला : नायट्रेटपासून नत्र मिळवण्यासाठी लागणारी जनुकं त्याच्याकडे नाहीतच. गहू हे सगळं आयतं पुरवत असल्यामुळे ती त्याच्या वंशातून गळून गेली. पोपटाचं तसं नाही. ज्वारी नसली तर बाभळीच्या शेंगा, त्या नसल्या तर वड-पिंपळाची फळं, नाहीतर पळस-सावरीच्या फुलांतला मध.

मग जास्त वेगाने कोण वाढतं?

तुलनाच होऊ शकत नाही. पोपटाची जोडी वर्षाला बहुधा एकदा, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात तीन-चार अंडी घालते. सुमारे २३ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि आणखी सहा-सात आठवड्यांनी उडतात. नराच्या गळ्यात कंठ यायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं. ढोली मिळाली नाही तर वीण होत नाही, त्यामुळे जुनी झाडं तुटली की पोपटांची वीणही अडते.

काळ्या तांबेऱ्याचा एक बीजाणू, अंदाजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा, अनुकूल हवेत एक ते दोन आठवड्यांत फोड तयार करतो. त्या फोडातून दिवसाला हजारो बीजाणू सुटतात. फेब्रुवारीत चार-दोन झाडांवर दिसलेला रोग पीक पिकेपर्यंत अख्खं रान व्यापू शकतो तो यामुळे.

तांबेऱ्यात नर-मादी असतात का?

याचं उत्तर थोडं लांब आहे, पण बुरशीशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट मला हीच वाटते.

काळ्या तांबेऱ्याचं पूर्ण जीवनचक्र पाच प्रकारच्या बीजाणूंतून जातं आणि त्याला दोन यजमान लागतात : एक गहू, दुसरं बार्बेरी हे काटेरी झुडूप. गव्हावर तांबूस बीजाणू, मग काळे बीजाणू. काळ्यांतून तिसऱ्या प्रकारचे नाजूक बीजाणू निघून बार्बेरीच्या पानावर बसतात. तिथे दोन विरुद्ध प्रकारच्या वसाहतींचा संकर होतो. गोड चिकट स्रावाकडे आलेले कीटक इकडचं बीज तिकडे नेतात. मग पानाच्या खालच्या बाजूला पेल्यांसारखे फोड येतात आणि त्यांतले बीजाणू पुन्हा गव्हावर. नर आणि मादी अशी नावं इथे बसत नाहीत, तरी दोन वेगळ्या वसाहतींचं मीलन इथे खरोखर होतं.

बार्बेरीचं कुंपण असलं की गहू बिघडतो, हे युरोपातल्या शेतकऱ्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत होतं. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी १८६५ मध्ये प्रयोग करून दोन्हींवरची बुरशी एकच असल्याचं दाखवलं. कॅनडाच्या जॉन क्रेगी यांनी १९२७ मध्ये बार्बेरीवरच्या संकराचा उलगडा केला. अमेरिकेत १९१६ च्या मोठ्या साथीनंतर १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोहीमच सुरू झाली.

भारतात मात्र हे अर्धं चक्र चालत नाही. हिमालयात आणि निलगिरीत बार्बेरीचे भाईबंद आहेत, पण गव्हावरच्या रोगाशी त्यांचा व्यवहारात संबंध आढळलेला नाही. आपल्या शेतातला तांबेरा तांबूस बीजाणूंवरच पिढ्यानपिढ्या चालतो. म्हणजे संकर नाही, नुसत्या प्रतिकृती. पोपटाला हा पर्यायच नाही. प्रत्येक पिल्लाला आई-बाप लागतात.

उन्हाळ्यात गहू नसतो. तेव्हा तांबेरा असतो कुठे? आणि पोपट?

पोपट आसपासच असतो. संध्याकाळी ठरावीक झाडांवर शेकड्यांनी मुक्कामाला येतो, सकाळी चरायला पांगतो. तो लांबचं स्थलांतर करत नाही; पिकलेल्या फळांमागे आणि कणसांमागे फिरतो.

तांबेऱ्याचं उत्तर शोधायला एका माणसाने आयुष्य घातलं. आग्र्याच्या महाविद्यालयात शिकवणारे करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं डोंगर आणि मैदानं पालथी घालून दाखवलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू टिकत नाहीत. ते थंड डोंगरांत, हंगामाबाहेरच्या आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर जिवंत राहतात आणि दरवर्षी तिथून खाली येतात. सिमल्याजवळ फ्लॉवरडेल इथे त्यांनी उभं केलेलं संशोधन केंद्र आजही गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करतं. बार्बेरी भारतात निरुपद्रवी असल्याचं त्यांनीच सांगितलं.

महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा डोंगर दक्षिणेतला आहे. काळ्या तांबेऱ्याचं घर म्हणजे निलगिरी आणि पळणीचे डोंगर. एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी १९७० च्या दशकात हवामानाच्या नकाशांवरून दाखवलं की नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातली वादळं दक्षिणेकडून वर सरकताना निलगिरीतले बीजाणू उचलून मध्य भारतावर आणतात, आणि त्यानंतरच्या पावसाबरोबर ते पिकांवर उतरतात. या वाटेला पक्सिनियाची वाट म्हणतात. वादळ त्या मार्गाने आलं, पाऊस पडला आणि हिवाळा उबदार राहिला की जानेवारीत शेतं तपासायला लागावं. एका वादळाच्या मार्गावरून दोन महिन्यांनंतरच्या रोगाचा अंदाज करता येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. पोपटाच्या थव्याचा असा अंदाज कुणी देऊ शकत नाही.

महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे त्याचंही कारण हेच. तिथली थंड, दमट हवा तांबेऱ्याला मानवते आणि वर्षभर त्याचं निरीक्षण करता येतं.

दोघंही परदेशात पसरले असं वाचलं. कसे?

पोपटाला माणसाने नेलं. पाळीव म्हणून नेलेले, पिंजऱ्यातून सुटलेले किंवा सोडलेले पोपट लंडन, ब्रुसेल्स, अॅमस्टरडॅम अशा शहरांत स्थायिक झाले. ब्रिटनमध्ये १९६९ पासून त्यांची मोकळ्यावर वीण होते आहे आणि आज तिथे हजारो पोपट आहेत. युरोपातल्या पोपटांची जनुकं तपासली तेव्हा ती बहुतांशी पाकिस्तान आणि उत्तर भारताकडच्या पोपटांशी जुळली. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात त्यांनी ढोल्यांसाठी तिथल्या दुर्मीळ मोठ्या वटवाघळांवर हल्ले केल्याचं नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे ज्याच्या ढोल्या कमी पडतात तोच तिथे दुसऱ्याची ढोली बळकावतो.

काळ्या तांबेऱ्याला वारा नेतो. युगांडात १९९८ मध्ये त्याचा एक नवा प्रकार सापडला आणि वर्षभराने त्याचं वर्णन झालं. यूजी ९९ हे नाव त्यातूनच आलं. जगभरच्या गव्हात वापरलेलं एसआर ३१ हे प्रतिकारक जनुक त्याने निरुपयोगी केलं. पुढे तो केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन करत इराणपर्यंत पोचला. इराणमधली नोंद २००७ ची. गव्हाच्या हरितक्रांतीचे शिल्पकार नॉर्मन बोरलॉग यांनी वयाची नव्वदी ओलांडल्यावर या प्रकाराविरुद्ध जगाला सावध केलं. गव्हावरच येणाऱ्या पिवळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत माणूसही वाहक ठरतो. १९७९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात उगवला तो बहुधा कुणा प्रवाशाच्या कपड्यांवरून आलेला होता. परदेशातल्या शेतांतून फिरून येणाऱ्यांनी कपडे धुऊन आणि बूट स्वच्छ करून मगच आपल्या शेतात पाय ठेवावा, ही सूचना म्हणूनच मनावर घ्यावी.

पोपटाच्या पिसांवरून तांबेरा पसरतो का?

शेतातून उडणाऱ्या कशालाही चार बीजाणू चिकटू शकतात. पण वाऱ्याने रोज कोट्यवधी बीजाणू फिरत असताना पोपटाचा वाटा मोजण्याजोगा राहत नाही. तांबेऱ्यासाठी पोपटांना हाकलण्यात काही अर्थ नाही.

बुजगावण्याला पोपट सरावतो, तसाच रोगप्रतिकारक वाणाला तांबेरा सरावतो. हे एकच ना?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि उत्तर ठाम 'नाही' असं आहे.

पोपट शिकतो. तोच पोपट, त्याच आठवड्यात. पहिल्या दिवशी बुजगावण्याला बिचकलेला थवा चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसतो, कारण त्याच्या मेंदूने नोंद केली की हे हलत नाही आणि मारतही नाही. म्हणून पोपटावरचा उपाय बदलता ठेवावा लागतो. आज चमकती रिबीन, दोन दिवसांनी जागा बदलून डबे वाजवणं, मग माळ्यावरून गोफण. उपाय कोणता, यापेक्षा तो अनपेक्षित आहे का, हे महत्त्वाचं.

तांबेरा काहीच शिकत नाही. त्याच्याकडे मेंदू नाही, अनुभव नाही. प्रतिकारक वाणावर उतरलेले जवळजवळ सगळे बीजाणू मरतात. पण संख्या प्रचंड असते आणि एखाद्यात असा बदल आधीच झालेला असतो की गव्हाचं ते जनुक त्याला ओळखूच शकत नाही. तो एक वाचतो आणि त्याच्या प्रतिकृतींनी शेत भरतं. हॅरोल्ड फ्लोर या अमेरिकी शास्त्रज्ञाने जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करून १९४० च्या दशकात हे नातं उलगडलं : यजमानातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला रोगकारकात एक जोडीदार जनुक असतं. ते जोडीदार जनुक बदललं की यजमानाचा पहारा चुकतो.

म्हणून दर दोन दिवसांनी उपाय बदलण्याची पोपटावरची युक्ती इथे कामाची नाही. तांबेऱ्यासाठी लागतं ते वैविध्य, आणि तेही आधीपासून. गावभर एकच वाण नको. एकाच वाणात दोन-तीन वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असावीत, म्हणजे बीजाणूला एकाच वेळी सगळी कुलपं उघडावी लागतात. रोग पूर्ण थांबवत नाही पण मंदावतो, असा एसआर २ सारख्या जनुकांचा सौम्य प्रतिकार दशकानुदशकं टिकला आहे. पोपटाच्या बाबतीत शेतकरी एकटा लढू शकतो, तांबेऱ्याच्या बाबतीत नाही. शेजाऱ्याने कोणतं वाण पेरलं यावर तुमचं पीक अवलंबून असतं.

खपली गव्हाला तांबेरा लागत नाही हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पिकणारी खपली काळ्या तांबेऱ्याला चांगला प्रतिकार करते आणि हे जगाला फार पूर्वी कळलं. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा कसोटी वाणांचा संच ठरवला होता. त्या बारांत खपली आहे आणि याच नावाने आहे. तिच्यातली प्रतिकारक जनुकं पुढे पैदाशीतही वापरली गेली. लापशी आणि पुरणपोळीपलीकडे खपलीचं हे काम आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं, याची मला खंत वाटते. मात्र कुठलंही वाण कायमचं अभेद्य नसतं, हे खपलीलाही लागू आहे.

शेतात तांबेरा आहे हे कसं ओळखायचं?

काळा तांबेरा : मुख्यतः खोडावर व पानाच्या देठाकडच्या वेष्टनावर, लांबट, विटकरी रंगाचे फोड, फोडाच्या कडेला सालीच्या चिंध्या दिसतात. पानावरचा तपकिरी तांबेरा : छोटे, गोलसर, नारिंगी-तपकिरी ठिपके, पानभर विखुरलेले. आपल्याकडे हा जास्त दिसतो. पिवळा तांबेरा : पिवळ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा, याला थंडी लागते, त्यामुळे तो उत्तरेकडचा, महाराष्ट्राच्या मैदानात त्याचा त्रास नाही. पांढरा रुमाल पानावरून हलकेच फिरवा. तांबूस भुकटी लागली तर तांबेरा. नुसते डाग असतील तर करपा किंवा अन्नद्रव्याची कमतरता असू शकते.

पोपटाने केलेलं नुकसान ओळखायला अडचण नसते. कणीस वरून अर्धं रिकामं, खाली साल आणि फुटके दाणे.

उपाय काय?

तांबेऱ्यासाठी पहिला उपाय पेरणीआधीचा. वेळेवर पेरा आणि शिफारशीतलं वाण निवडा. निफाडच्या केंद्रातून आलेली फुले समाधान, नेत्रावती ही वाणं तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून शिफारशीत आहेत. उशिरा पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उबेत सापडतो आणि काळ्या तांबेऱ्याला तेच हवं असतं. नत्राचा मारा टाळा. लुसलुशीत दाट पिकात दव लवकर सुकत नाही. रोग दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी एक मिली प्रति लिटर पाण्यातून फवारण्याची शिफारस आहे. डबीवरची सूचना आणि कापणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळा. दाणे पक्व झाल्यावर फवारणी करणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

पोपटांसाठी : दाणा चिकात असतानाचे दोन-तीन आठवडे हेच धोक्याचे. सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर राखण करा, दुपारी फारशी गरज नसते. गावातल्या सगळ्यांनी ज्वारी किंवा सूर्यफूल एकाच वेळी पेरलं तर नुकसान विभागलं जातं. एकट्याचंच पीक लवकर आलं तर सगळा थवा त्याच्यावर. फळबागेत जाळी महाग पडते पण खात्रीची. विष, फास किंवा चिकट सापळे लावू नका. ते क्रूर तर आहेच, गुन्हाही आहे.

तांबेरा लागलेला गहू खाल्ला तर चालतो का?

चालतो. तांबेरा दाण्यात विष सोडत नाही. दाणा भरत नाही, सुरकुततो, वजन आणि पीठ कमी मिळतं. मळणीच्या वेळी उडणाऱ्या भुकटीने दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, तेव्हा तोंडाला कापड बांधा. पोपटाने चोच मारलेलं फळ मात्र टाकून द्यावं. ते वटवाघळाने कुरतडलेलं नाही, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही.

पोपट घरी पाळता येतो का?

आपला राघू, करण, तुईया, कुठलाच देशी पोपट पाळता, विकता किंवा विकत घेता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी, दोन्ही स्पष्ट आहेत. तरी बाजारात पिल्लं विकली जातात. ढोली फोडून काढलेल्या पिल्लांतली बरीचशी वाटेतच मरतात. शिवाय पोपटापासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा जिवाणूजन्य ताप येऊ शकतो. पिंजऱ्यातला पोपट दिसला तर वनविभागाला कळवा.

दोघांपैकी जास्त नुकसान कोण करतं?

देशाच्या पातळीवर तांबेरा, यात शंका नाही. १९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि गव्हाची दाणादाण उडाली. प्राचीन रोममध्ये दर २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेसाठी उत्सव भरवून कुत्रा बळी देत, इतकी त्याची धास्ती होती. पण ज्या शेतकऱ्याची अर्धा एकर सूर्यफूल पोपटांनी आठवड्यात संपवली, त्याला हा हिशेब सांगणं अन्यायाचं आहे. तांबेरा पसरट नुकसान करतो, पोपट ठरावीक शेतात एकवटून.

यांचा काही उपयोगही असेलच?

आहे. पुण्यात पन्नासच्या दशकात नोंद झालेलं गाजरगवत पुढे देशभर पसरलं. त्याच तणाने ऑस्ट्रेलियातही उच्छाद मांडला, तेव्हा तिथे त्याच्यावर जगणारे मेक्सिकोतले तांबेरे मुद्दाम आणून सोडले गेले. पहिला १९९१ मध्ये. फक्त त्याच तणावर जगण्याची तांबेऱ्याची सवय इथे माणसाच्या कामी आली. पोपट बियांचा शत्रू असला तरी वड-पिंपळासारख्या बारीक बियांच्या फळांमधल्या काही बिया त्याच्याकडून सांडून दूर जातात. पण खरं सांगायचं तर उपयोग असेल तरच जीव जगू द्यावा, हे मला पटत नाही.

सोयाबीनचा तांबेरा हाच का?

नाही. कोल्हापूर-सांगलीकडे खरिपात येणारा तो तांबेरा वेगळ्या वंशाचा आहे, फॅकोप्सोरा पॅकिरायझी. तो गव्हावर येत नाही आणि गव्हाचा सोयाबीनवर जात नाही. भुईमूग, ज्वारी, मका यांचे तांबेरेही निरनिराळे.

संशयित तांबेऱ्याचा नमुना तपासायला कसा द्यायचा?

ताज्या फोडांची चार-पाच पानं किंवा खोडाचे तुकडे घ्या, सावलीत तासभर सुकवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो, दुसऱ्या बुरशा वाढतात आणि नमुना वाया जातो. पाकिटावर गाव, तालुका, वाण, पेरणीची आणि नमुना घेतल्याची तारीख लिहा. वाणाचं नाव विसरू नका. ज्या वाणावर पूर्वी तांबेरा येत नव्हता त्यावर तो दिसला तर तोच नमुना सर्वांत मोलाचा असतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या, आणि शक्यतो त्याच आठवड्यात.